सत्तर टक्के, पण कशाचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही नागपूरचे. माझं वय ३७, मिस्टरांचं ४१. ते शाळेत क्रीडाशिक्षक आहेत, मुलामुलींना सॉफ्टबॉल-बेसबॉल शिकवतात. एकदा आयव्हीएफ केलं, ६ एग्ज निघाली, २ भ्रूण झाले, दोन्ही ट्रान्सफर (भ्रूण गर्भाशयात सोडणं) फेल गेले. एएमएच (शिल्लक एग्जचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ०.९ आहे. आता दुसऱ्या क्लिनिकमध्ये ७० टक्के सक्सेस सांगतात, पण डोनर एग (दुसऱ्या स्त्रीचं) घ्या म्हणतात. अमेरिकेतले दीर म्हणतात इकडे या, इकडे मुलगा की मुलगी हेही निवडता येतं. मिस्टर म्हणतात बेसबॉलमध्ये दहात तीनदा जमलं तरी खेळाडू महान ठरतो, आपण दोनदात का हरायचं? आम्ही काय करावं?"

ताई, मी डॉक्टर नाही, एम्ब्रियोलॉजिस्ट आहे, म्हणजे लॅबमध्ये भ्रूणं वाढवणारी. क्लिनिकमध्ये आत, बंद दाराआड, इन्क्युबेटरपाशी बसणारी व्यक्ती. धंतोली-रामदासपेठेच्या पट्ट्यात आणि बाहेरही मिळून सत्तावीस वर्षं हे काम करते आहे. पेशंटशी माझी गाठ ट्रान्सफरच्या दिवशी पाच मिनिटं पडते, पण त्यांची भ्रूणं मी पाच-पाच दिवस रोज पाहते. म्हणून औषधांचे डोस मी सांगणार नाही. आकडे कसे तयार होतात, ते मात्र मला आतून माहीत आहे.

सरांचं बेसबॉलचं उदाहरण मला मनापासून आवडलं. त्याला कारण आहे. २००४ साली लॅबच्या प्रशिक्षणासाठी मी काही महिने सिएटलमध्ये होते. त्या वर्षी त्या गावात एकच विषय होता, इचिरो सुझुकी. जपानमध्ये नऊ हंगाम गाजवून तो २००१ मध्ये सिएटल मरिनर्सकडे आला, तेव्हा हा सडपातळ माणूस अमेरिकेतल्या बोलिंगपुढे टिकेल का, अशी शंका होती. पहिल्याच वर्षी तो 'सर्वोत्तम नवोदित' आणि 'सर्वात मौल्यवान खेळाडू' दोन्ही ठरला. २००४ मध्ये त्याने २६२ हिट्स (बॉल मारून बेस गाठणं) मारून जॉर्ज सिसलरचा १९२० पासूनचा २५७ चा विक्रम मोडला. घरमालकीणबाईंनी मला स्कोअरबोर्ड वाचायला शिकवला तो त्याच हंगामात. ७०४ संधी, २६२ हिट्स, सरासरी .३७२. म्हणजे आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या वर्षातही शंभरातल्या बासष्ट-त्रेसष्ट वेळा तो हात हलवत परत गेला.

पण त्या बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती मला लॅबमध्ये जन्मभर पुरली. बॅटिंग ॲव्हरेज काढताना ज्या खेळीत बॅटरला 'वॉक' मिळतो, म्हणजे चार बॉल बाहेर पडले म्हणून तो चालत पहिल्या बेसवर जातो, ती खेळी भागाकारात धरतच नाहीत. सॅक्रिफाइस, म्हणजे सोबत्याला पुढे सरकवायला स्वतः बाद होणं, धरत नाहीत, अंगावर बॉल लागला तर तेही धरत नाहीत. ते वॉक मोजायचे तर वेगळा आकडा काढावा लागतो, त्याला ऑन-बेस पर्सेंटेज म्हणतात. खेळाडू तोच, हंगाम तोच, आकडे दोन. सरांना हे मी काय शिकवणार. मला एवढंच म्हणायचं आहे की तुम्हाला सांगितलेल्या ७० टक्क्यांना हाच प्रश्न विचारा: वर काय ठेवलं आणि खाली काय धरलं?

हिशेबापुरत्या तुमच्या वयाच्या शंभर बायका धरा. हे कुठल्या क्लिनिकचे आकडे नाहीत, मी समजावण्यासाठी मांडते आहे. शंभर जणींनी इंजेक्शनं सुरू केली. आठ जणींची फॉलिकल्स (एग्जच्या पिशव्या) वाढलीच नाहीत, सायकल, म्हणजे उपचाराची फेरी, बंद केली. ब्याण्णव जणींचं पिकअप, म्हणजे एग्ज बाहेर काढणं, झालं. कुणाचं एग मिळालं नाही, कुणाचं फर्टिलाइझ झालं नाही, कुणाचं भ्रूण तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबलं. ट्रान्सफरपर्यंत पोचल्या सत्तर. त्यांपैकी बत्तीस जणींचा बीटा, म्हणजे गर्भ राहिल्याची रक्तचाचणी, पॉझिटिव्ह आला. सव्वीस जणींच्या सोनोग्राफीत ठोके दिसले. एकवीस जणी बाळ घेऊन घरी गेल्या. आता जाहिरात करणारा म्हणेल, सत्तरात बत्तीस, म्हणजे ४६ टक्के सक्सेस. त्यात एकही शब्द खोटा नाही. आणि इंजेक्शनचा पहिला डोस घेतलेल्या बाईने विचारलं, मी बाळ घेऊन घरी जाईन याची शक्यता किती, तर उत्तर २१. हे दोन्ही आकडे एकाच शंभर जणींचे आहेत.

मग सत्तर कुठून येतात? बहुतेक वेळा तीन वाटांनी. डोनर एगचे पेशंट मिसळून, तिशीच्या आतल्या पेशंटचाच हिशेब दाखवून, किंवा तीन-चार ट्रान्सफरची बेरीज करून. शेवटची रीत तर चुकीचीही नाही, फक्त ती बेरीज आहे हे सांगायला हवं. ज्या क्लिनिकमध्ये विचारल्यावर सरळ उत्तर देतात, "तुमच्या वयाच्या, स्वतःच्या एग्जच्या, सायकल सुरू केलेल्या बायकांपैकी इतक्यांना मूल झालं," तिथे आकडा कमी ऐकू आला तरी बसा. ब्रिटनमध्ये १९९१ पासून एक नियामक संस्था प्रत्येक क्लिनिकचा हिशेब ठेवते. तिच्या आकड्यांत स्वतःच्या एग्जचं एक भ्रूण सोडल्यावर मूल होण्याचं प्रमाण पस्तिशीच्या आत साधारण तीनात एक आहे आणि ४३-४४ व्या वर्षी वीसात एकाच्या आसपास. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने क्लिनिकना निकाल सरकारला कळवावे लागतात. आपल्याकडेही २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याने नोंदणी आणि माहिती देणं बंधनकारक झालं आहे, पण घरबसल्या नागपूरच्या चार क्लिनिकची तुलना करता येईल असा तक्ता पेशंटच्या हातात नाही. म्हणून विचारणं तुमच्यावर आलं.

आता तुमचं. "दोनदा फेल" असं तुम्ही लिहिलं आहे. ताई, तुमचे दोन ट्रान्सफर एकाच पिकअपमधले आहेत. शरीराने एकच फेरी केली आहे. आणि दुसरी गोष्ट, एका ट्रान्सफरला मूल होण्याची शक्यता ३० टक्के धरली, तर लागोपाठ दोन फुकट जाण्याची शक्यता ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ४९ टक्के. तुमच्यासारख्या प्रत्येक दुसऱ्या जोडप्याचे पहिले दोन ट्रान्सफर जातात. यात तुमच्या गर्भाशयाचा दोष सिद्ध होत नाही, तुमच्या आरामाचा नाही, आणि त्या दिवशी तुम्ही जिना चढलात त्याचा तर मुळीच नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ट्रान्सफर टेबलवरून उठताना जवळजवळ प्रत्येक बाई मला विचारते, "मॅडम, उठलं तर पडणार तर नाही ना?" नाही पडत.

इथपर्यंत सर बरोबर आहेत. इथून पुढे मात्र बेसबॉल आपल्याला सोडून जातो. इचिरोला त्या हंगामात ७०४ संधी मिळाल्या. आज हात रिकामा गेला तर उद्या परत मैदान आहे. सरासरी म्हणजे काय, तर भरपूर संधींनंतर दिसणारं सत्य. तुम्हाला मिळणार तीन, फार तर चार. प्रत्येक संधीला औषधं धरून दीड-दोन लाख रुपये, दहा-बारा दिवस पोटात सुया, भूल, आणि नंतर निकालाची वाट बघण्याचे ते चौदा दिवस. दोन संधींमधलं वर्ष वयात मिळवलं जातं. शंभर जणींची सरासरी क्लिनिकची असते. बाईला ती भोगायला मिळत नाही, तिला एकतर मूल मिळतं किंवा मिळत नाही. म्हणून "अजून एकदा करून पाहू" हे वाक्य क्लिनिकच्या तोंडी जितकं सोपं, तितकं तुमच्या घरात सोपं नसतं, आणि ते सोपं असल्यासारखं कुणी बोलत असेल तर सावध व्हा.

याच ठिकाणी माझी एक जुनी गोष्ट सांगते. वीसेक वर्षांपूर्वी मी ज्या क्लिनिकमध्ये होते, तिथे भंडारा जिल्ह्यातून एक जोडपं यायचं. धानाची दोन एकर विकून आले होते. आमच्याकडे तेव्हा तीन भ्रूणं सोडायची पद्धत होती, आकडा चांगला यायचा. कॅथेटरमध्ये तिन्ही मीच भरली. तिन्ही रुजली. आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. सव्विसाव्या आठवड्यात ती बाई प्रसूत झाली आणि चार दिवसांत तिन्ही बाळं गेली. आमच्या वहीत त्या सायकलपुढे 'पॉझिटिव्ह' लिहिलेलं होतं आणि वर्षाच्या शेवटी पोस्टरवरच्या टक्केवारीत ती नोंद धरली गेली. मी विचारलं, तर उत्तर मिळालं की आपलं काम प्रेग्नन्सी देण्यापर्यंत, पुढचं बालरोगवाल्यांचं. त्या वर्षी मी ती नोकरी सोडली. तेव्हापासून माझ्यासाठी वर ठेवायचा आकडा एकच आहे, जिवंत, घरी नेलेलं बाळ, आणि शक्यतो एका वेळी एकच. तुम्हाला कुणी "चान्स वाढेल" म्हणून दोन किंवा तीन भ्रूणं एकत्र सोडू म्हटलं, तर जुळ्यांचा धोका आईला किती आणि बाळांना किती, हे आधी विचारा.

डोनर एगबद्दल. त्याने आकडा वाढतो हे खरं आहे, कारण निकाल गर्भाशयाच्या वयापेक्षा एगच्या वयाबरोबर चालतो. पण ३७ व्या वर्षी, एकाच पिकअपनंतर, तो एकमेव रस्ता आहे असं मला दिसत नाही. एएमएच ०.९ म्हणजे एग्ज कमी निघतील. एग्ज वाईट आहेत असा त्याचा अर्थ नाही, दर्जा बराचसा वय ठरवतं. सहा एग्जमधून दोन भ्रूणं हा माझ्या टेबलावरचा अगदी नेहमीचा हिशेब आहे: सहातली पाच पक्व, त्यातली तीन-चार फर्टिलाइझ, त्यातली एक-दोन पाचव्या दिवसाला पोचतात. तुमच्या डॉक्टरांना विचारा, औषधांची पद्धत बदलून आणखी एक पिकअप केलं तर काय अपेक्षित आहे. उत्तर पटलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. आणि जुन्या क्लिनिकमधून तुमचा एम्ब्रियोलॉजी शीट मागा, कुठल्या दिवशी कुठलं भ्रूण कसं होतं ते त्यात लिहिलेलं असतं. तो कागद तुमचा आहे. तो पाहिल्याशिवाय डोनरचा सल्ला देणं मला घाईचं वाटतं.

विचाराअंती डोनरकडे वळलात तर त्यात कमीपणा काहीच नाही. जन्मणारं मूल कायद्याने सर्वार्थाने तुमचंच. फक्त पलीकडच्या बाईचाही विचार करा. इथे मला पुन्हा सरांचा खेळ आठवतो. कॅरिबियनमधल्या डोमिनिकन रिपब्लिकमध्ये अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉल लीगच्या तीसही संघांच्या ॲकॅडम्या आहेत. दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला त्या एवढ्याशा देशाचे शंभराच्या आसपास खेळाडू मोठ्या संघांत असतात, आणि त्यांची नावं सगळ्यांना माहीत असतात. पण करार सोळाव्या वर्षी होतो, त्यासाठी पोरं तेराव्या-चौदाव्या वर्षी शाळा सोडून खासगी प्रशिक्षकांकडे राहतात, कराराच्या रकमेतला हिस्सा तो प्रशिक्षक घेतो, आणि बहुसंख्य पोरं मोठ्या लीगपर्यंत पोचतच नाहीत. वय जितकं कमी तितका भाव जास्त, म्हणून वयं खोटी लावली जायची. मिगेल तेहादासारख्या नामांकित खेळाडूनेही २००८ मध्ये कबूल केलं की तो सांगितलेल्या वयापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे. त्या पोरांना मी दोष देत नाही. गरिबाच्या अंगात जे तरुण आहे त्याचा बाजार मांडला, की मधला माणूस असंच करतो.

कायदा येण्यापूर्वी एग डोनेशनमध्ये मी हेच पाहिलं आहे. एकच मुलगी वर्षात तीन ठिकाणी, तीन नावांनी. हार्मोनचे मोठे डोस, कारण जितकी एग्ज जास्त तितकी वाटणी जास्त. पोट फुगून, पाणी साठून ती ॲडमिट झाली की फोन बंद. आता कायदा सांगतो: डोनरचं वय २३ ते ३५, आयुष्यात एकदाच, सातपेक्षा जास्त एग्ज काढायची नाहीत, नोंदणीकृत बँकेमार्फतच, आणि तिच्यासाठी बारा महिन्यांचा विमा इच्छुक जोडप्याने काढायचा. एग विकता-विकत घेता येत नाही. यामुळे डोनर मिळायला वेळ लागतो, आणि क्लिनिकमध्ये कुणी चहा पाजत "आम्ही मॅनेज करू" म्हणतं. ते मॅनेज करणं म्हणजे कुणाच्या तरी मुलीच्या अंगावर केलेलं असतं. विम्याचा कागद बघायला मागा. तेवढं केलंत तरी त्या अनोळखी बाईवर उपकार आहेत.

अमेरिकेबद्दल दोन भाग आहेत. तिथे जाऊन तुमची एग्ज ३७ चीच राहणार. तिथल्या चांगल्या लॅबमध्ये जे इन्क्युबेटर, जे मीडिया (भ्रूण वाढवायची द्रावणं), तेच आज नागपूरच्या चांगल्या लॅबमध्ये आहेत. हे मी दोन्हीकडे काम करून सांगते. खर्च मात्र कित्येक पटींनी जास्त. या देशाला या विद्येत कुणाकडून उसनं घ्यावं लागलं असंही नाही. जगातलं पहिलं आयव्हीएफ बाळ २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमध्ये जन्मलं, आणि ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींनी दुसरं जन्माला घातलं, तेही गोठवलेल्या भ्रूणातून. आपल्याच सरकारी समितीने त्यांचं म्हणणं खोटं ठरवलं. १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. त्यांचा मान त्यांना मिळाला तो जवळजवळ दोन दशकांनी.

दुसरा भाग, मुलगा-मुलगी निवडण्याचा. ताई, हे मी सौम्यपणे लिहू शकत नाही. भ्रूणाची जनुकीय तपासणी होते तेव्हा लिंग आम्हाला कळण्यासारखं असतं, आणि भारतात ते रिपोर्टवर येत नाही, येऊही नये. पीसीपीएनडीटी, म्हणजे लिंगनिदान-बंदीचा कायदा आहेच, शिवाय एआरटी कायद्यात अशा निवडीच्या जाहिरातीलाही पाच ते दहा वर्षं तुरुंगवास, दंड किंवा दोन्ही आहेत. पण कायदा बाजूला ठेवा. मी मुलींची भ्रूणं वाढताना पाहिली आहेत, इन्क्युबेटरमध्ये ती मुलग्यांच्या भ्रूणांशेजारीच असतात आणि तितक्याच हट्टाने वाढतात. मुलाची वाट बघणाऱ्या घराने अशा एखाद्या भ्रूणाला नको म्हणणं माझ्याच्याने सहन होत नाही. सर रोज मुलींना बॅट धरायला शिकवतात. त्यांनीच भावाला फोन करून हे सांगावं, तुम्ही सांगू नये.

जाहिरातींतल्या जोडण्यांबद्दल, म्हणजे आयव्हीएफला जोडून विकल्या जाणाऱ्या जास्तीच्या उपचारांबद्दल, थोडक्यात. गर्भाशयाचं अस्तर ओरखडणं, हे इंजेक्शन, ते प्लाझ्मा, पाच-दहा हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. अस्तर ओरखडण्यावर २०१९ मध्ये १,३६४ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, ओरखडलेल्या गटात २६ टक्क्यांना मूल झालं आणि न ओरखडलेल्या गटातही २६ टक्क्यांनाच. प्रत्येक जोडणीसाठी एकच प्रश्न पुरे: याने जिवंत बाळांची संख्या वाढली हे कुठे दिसलं?

कधी थांबायचं, हे पैसे संपल्यावर ठरवू नका. आज दोघांनी बसून लिहून ठेवा, आणखी किती पिकअप, किती रक्कम, कुठल्या वयापर्यंत. कायद्याने उपचार घेणाऱ्या स्त्रीची मर्यादा पन्नास वर्षं आहे. ही रेघ उगीच आली नाही, २०१९ मध्ये आंध्रात सत्तरी ओलांडलेल्या बाईंना जुळ्या मुली झाल्याच्या बातमीने देश हलला होता. पण तुमची रेघ तुम्ही दोघांनी ओढायची. क्लिनिकच्या भिंतीवर बाळांचे फोटो असतात, थांबलेल्या जोडप्यांचे नसतात. त्यांतली बरीच मला नागपुरातल्या सदर भागाच्या बाजारात, गाडीवर तर्री-पोहे खाताना भेटतात. कुणी दत्तक घेतलं, कुणी नाही घेतलं. हसून बोलतात.

राहिलं सरांचं. तुमच्या पूर्ण पत्रात त्यांच्या तपासणीचा एकही आकडा नाही. हे जवळजवळ प्रत्येक पत्रात असतं. वीर्याची तपासणी नव्याने करा, एकदा नाही, काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा. खर्रा खात असतील तर आजपासून बंद. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, तेव्हा आज सोडलेल्या खर्र्याचा फायदा पुढच्या पिकअपला दिसेल, त्या आठवड्यात सोडलेल्याचा नाही. नागपूरच्या मे महिन्यात मैदानावर दिवसभर घट्ट कपड्यांत उभं राहणं कमी करता आलं तर करा.

आणि विदर्भात राहून जी तपासणी राहून गेलेली मला सर्वांत जास्त खुपते, ती सिकल सेलची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची. आपल्याकडे वाहकांचं प्रमाण जास्त आहे. वाहकाला स्वतःला सहसा काही होत नाही म्हणून त्याला पत्ता नसतो. दोघंही वाहक असाल तर दर गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. ते आधी कळलं तर भ्रूणांची तपासणी करून आजार नसलेलं भ्रूण निवडता येतं, आणि या कारणासाठी ती तपासणी कायद्याला मान्य आहे. नंतर कळलं तर अकराव्या-बाराव्या आठवड्यात फार अवघड निर्णय समोर येतो. डोनर घेतलीत तर तिचाही हा रिपोर्ट मागा. सरकारी दवाखान्यात साधी चाचणी होते, पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी एचपीएलसी ही रक्तचाचणी करायची. दोघांनी एकाच दिवशी जा. उपाशी राहून यायची गरज नाही.